तळेगावच्या नावामागचे सेनापतिपद

माझे बालपण तळेगाव दाभाडे येथे गेले. गावाच्या नावातला दुसरा शब्द, म्हणजे सेनापती दाभाड्यांचे आडनाव, रोज कानावर पडत असला तरी त्याचा विचार करण्याचे काही कारण नव्हते. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात राजधानी रायगड आणि नंतर सातारा असे वाचल्यावर मात्र मला एक प्रश्न पडला आणि तो मी आजोबांना विचारला: "आजोबा, राजा साताऱ्याला राहत होता, तर त्याचे सेनापती आपल्या तळेगावात कसे?" आजोबा म्हणाले, "अरे, ते त्यांचे गाव होते, म्हणून." त्या वयात मला ते उत्तर पुरले. पुढे वाचन वाढले तेव्हा लक्षात आले की मराठी राज्याच्या सर्वोच्च लष्करी पदाचा जवळजवळ सगळा इतिहास या एका प्रश्नात येतो. शिवाजी महाराजांच्या काळात हा प्रश्न कोणाला पडलाच नसता, कारण सरनोबताला स्वतःचे असे गाव राज्याच्या कारभारात नव्हते; त्याची जागा फौजेबरोबर होती, आणि पावसाळ्यात छावणीत. शाहू महाराजांच्या काळापर्यंत सेनापतीचे गाव, सेनापतीचा मुलूख आणि सेनापतीची फौज असे शब्द सहज रूढ झाले होते. हा बदल कसा झाला, ते मला जसे समजले तसे येथे लिहीत आहे.

आरंभी या पदाचे नाव सरनोबत असे होते. शब्द फारसी वळणाचा आहे आणि तो दख्खनच्या सुलतानी राज्यांच्या कारभारातून आपल्याकडे आला. येथे एक गोंधळ टाळायला हवा. किल्ल्यावर हवालदार आणि सबनीस यांच्या बरोबरीने नेमलेला एक सरनोबत असे, पायदळाचा सरनोबत वेगळा असे, आणि घोडदळाचा सरनोबत हा या सर्वांत मोठा मानला जाई. पुढे सेनापती म्हणून ज्याचा गौरव झाला तो हा घोडदळाचा सरनोबत. पायदळाच्या सरनोबतीवर आधी नूर बेग आणि पुढे येसाजी कंक यांची नावे येतात. घोडदळाच्या सरनोबतीवर तुकोजी चोर, माणकोजी दहातोंडे, नेताजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते अशी परंपरा सांगितली जाते.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७ च्या सुमारास जिंजी येथे जी बखर लिहिली, तिच्यात या घोडदळाची बांधणी तपशिलाने दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि या सर्वांवर सरनोबत. जुमलेदाराला सालीना ५०० होन (सोन्याचे नाणे), हजाऱ्याला १,००० होन आणि पंचहजाऱ्याला २,००० होन असे वेतन होते. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टी वेळेवर मिळाल्या नाहीत तर घोडदळाचा काही उपयोग उरत नाही, हे ज्याने ही मांडणी केली त्याला पक्के ठाऊक होते. हजाऱ्याच्या पातळीवर हिशेबासाठी मजमूदार आणि इतर कारकून असत, म्हणजे तलवारीच्या शेजारी लेखणी बसवलेली होती, आणि त्या लेखणीची बांधिलकी सरनोबताशी नव्हती, ती राजाशी होती.

या व्यवस्थेचा खरा कणा मात्र पागा आणि शिलेदार यांच्यातील फरकात आहे. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. घोडा राजाचा, हत्यारे राजाची, पगार राजाचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. महाराजांनी पागा, म्हणजे सरकारी घोड्यांचे दळ, बळकट केली आणि शिलेदारांना पागेच्या अधीन ठेवले, असे सभासद स्पष्ट लिहितो. याचा अर्थ असा की सरनोबत कितीही पराक्रमी असला आणि त्याच्यावर फौजेचा कितीही लोभ असला, तरी त्याच्या हाताखालचा घोडा त्याचा नव्हता. दसऱ्याला फौज बाहेर पडे तेव्हा प्रत्येकाच्या सामानाचा झाडा, म्हणजे मोजदाद आणि तपासणी, घेतला जाई, आठ महिने मुलूखगिरी करून ती वैशाखात परत आली की पुन्हा झाडा घेतला जाई, आणि जास्तीचे जे काही सापडे ते सरकारजमा होई. स्वारीत बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर नेण्यास सक्त मनाई होती. शत्रूच्या मुलखातही बायकापोरांना धरू नये अशी आज्ञा होती. चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला महाराजांनी पाठवलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. दाणागवत आधीच उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, रयतेची भाजीसुद्धा फुकट घेऊ नये, पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताला आग लागेल, इतक्या बारीक गोष्टी त्यात आहेत. हे पत्र जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे. राजा सरनोबताला ओलांडून थेट खालच्या अंमलदारांशी बोलत होता, आणि त्यात कोणाला आपला अपमान वाटत नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

अशा व्यवस्थेत सरनोबती ही एक कामगिरी होती आणि ती काढूनही घेता येत होती. नेताजी पालकर हे याचे ठळक उदाहरण आहे. अफझलखानाच्या वधानंतर आदिलशाही मुलखात खोलवर धडक मारणारा आणि लोकांच्या तोंडी 'प्रतिशिवाजी' झालेला हा सरनोबत पन्हाळ्याच्या प्रसंगी वेळेवर पोचला नाही. "समयास कैसा पावला नाहीस?" असे विचारून महाराजांनी त्याची सरनोबती दूर केली आणि राजगडचा सरनोबत असलेल्या कडतोजी गुजराला प्रतापराव हे नाव देऊन त्या जागी नेमले, असे सभासद सांगतो. चौकशी लांबली नाही, घराण्याच्या हक्काचा प्रश्न आला नाही, बदल्यात मुलूख द्यावा लागला नाही. नेताजी आधी विजापूरकडे आणि मग मिर्झाराजे जयसिंगाच्या प्रयत्नाने मोगलांकडे गेले. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने त्यांना कैद केले, धर्मांतर करवले आणि काबूलकडे पाठवले. १६७६ मध्ये ते परत आले आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. परत आलेल्या माणसाला महाराजांनी जवळ केले. सरनोबती मात्र तेव्हा हंबीररावांकडे होती आणि ती त्यांच्याकडेच राहिली. माणसाचा मान आणि पदाची गरज या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवल्या गेल्या.

प्रतापराव गुजरांची कथा महाराष्ट्रात प्रत्येकाला ठाऊक आहे, पण ती बहुतेक वेळा फक्त शौर्याची कथा म्हणून सांगितली जाते. १६७२ मध्ये साल्हेरला मोरोपंत पिंगळे यांच्यासह मोगलांचा उघड्या मैदानात पराभव करणारा हा सरनोबत होता. पुढच्या वर्षी विजापूरच्या पश्चिमेला उमराणी येथे त्यांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याचे पाणी तोडून त्याला कोंडीत पकडले आणि मग त्याच्या विनवणीवरून सोडून दिले. राजाच्या आज्ञेवाचून सरनोबताने शत्रूशी सला (तह) केला, हा महाराजांच्या रागाचा मुद्दा होता. लढाई कशी करायची हे सरनोबताने ठरवावे; लढाई कशासाठी आणि कोठवर करायची हे राजाने ठरवावे, ही मर्यादा तेथे ओलांडली गेली. बहलोलखान पुन्हा चाल करून आला तेव्हा त्याचा निकाल लावल्याखेरीज तोंड दाखवू नये असा निरोप प्रतापरावांना गेला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, शिवरात्रीच्या दिवशी, गडहिंग्लजजवळच्या नेसरी येथे ते मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले आणि ठार झाले. बरोबर किती स्वार होते यावर अभ्यासकांत वाद आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. नेसरीला उभे राहिल्यावर माझ्या मनात आले ते असे की, राज्याचा मुख्य लष्करी अधिकारी राजाच्या एका शब्दाचा भार एवढा मानत होता की त्याने तो स्वतःच्या जिवावर घेतला. महाराजांनीही या माणसाचे मोल विसरू दिले नाही. प्रतापरावांची मुलगी जानकीबाई हिला त्यांनी राजाराम महाराजांसाठी सून करून घेतले.

त्यानंतर नवा सरनोबत कोण, हा प्रश्न राज्याभिषेकाच्या ऐन तयारीत उभा राहिला. एप्रिल १६७४ मध्ये महाराज स्वतः चिपळूणला गेले, फौजेची पाहणी केली आणि तळबीडच्या हंसाजी मोहित्यांना हंबीरराव असा किताब देऊन सरनोबत केले. गडावर बसून कागदावर नेमणूक न करता छावणीत जाऊन, फौजेसमोर ती केली गेली. दोन महिन्यांच्या आत, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सरनोबत हा अष्टप्रधानांतील सेनापती झाला. मोरोपंत पूर्वेला तुपाचा सुवर्णकलश घेऊन आणि हंबीरराव दक्षिणेला दुधाचा रौप्यकलश घेऊन उभे होते, असे बखरीचे वर्णन आहे. आठ प्रधानांत ब्राह्मणेतर असे हे एकच पद होते. सेनापती आठांतला एक आहे, आणि राजाच्या उजव्या-डाव्या हाताला इतर सातजण आहेत, ही गोष्ट त्या सोहळ्यात सर्वांना दिसेल अशा रीतीने मांडली गेली. पंडितराव आणि न्यायाधीश सोडून बाकीच्या प्रधानांनाही प्रसंगी स्वारीवर जावे लागे. त्यामुळे लढणे ही एकट्या सेनापतीची मिरास नव्हती.

याच काळातल्या कानुजाबत्यात, म्हणजे कारभाराच्या नियमांच्या लेखात, प्रत्येक प्रधानाचे काम थोडक्यात लिहिले आहे. सेनापतीविषयीच्या कलमाचा आशय असा: सर्व सैन्य सांभाळावे आणि युद्धप्रसंगी स्वारी करावी; जो तालुका ताब्यात येईल त्याचे रक्षण करून हिशेब रुजू करावा व आज्ञेत वागावे; फौजेच्या लोकांचे बोलणे बोलावे; आणि फौजेच्या सर्व सरदारांनी त्याच्याबरोबर चालावे. मी हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा तिसऱ्या वाक्याशी थांबलो. फौजेचे बोलणे बोलावे, म्हणजे शिपायाचे गाऱ्हाणे, थकलेला पगार, मेलेले घोडे, जखमींची सोय, पडलेल्यांच्या घरच्यांचा प्रश्न, हे सारे राजासमोर मांडण्याची जबाबदारी सेनापतीची. फौजेला राजाची आज्ञा ऐकवणारा आणि राजाला फौजेचे म्हणणे ऐकवणारा माणूस एकच असावा, असा विचार करून हे पद घडवले गेले. या दोन कामांपैकी एक जरी सुटले तरी दुसरे टिकत नाही, हे पुढच्या पाऊणशे वर्षांत दिसून आले.

हंबीररावांनी दोन्ही कामे नेटाने केली. कऱ्हाडच्या अलीकडे महामार्ग सोडून वसंतगडाच्या पायथ्याला तळबीड आहे. तेथील त्यांच्या समाधीपाशी मी गेलो होतो तेव्हा माझ्या मनात लढायांपेक्षा १६८० सालचा प्रसंग अधिक होता. महाराजांच्या निधनानंतर काही प्रधानांनी राजाराम महाराजांना गादीवर बसवण्याचा बेत केला. राजारामांच्या मातोश्री सोयराबाई या हंबीररावांच्या सख्ख्या बहीण. म्हणजे भाचा राजा होण्याची संधी समोर आली होती. पन्हाळ्यावर संभाजी महाराजांना कैद करण्यासाठी निघालेल्या प्रधानांना हंबीररावांनीच अटक केली आणि ते थोरल्या राजपुत्राच्या बाजूला उभे राहिले. त्या दिवशी फौज कोणाच्या मागे उभी राहील हे एका माणसाच्या हातात होते आणि त्या माणसाने ती शक्ती स्वतःच्या घरासाठी वापरली नाही. पुढच्या वर्षी बुऱ्हाणपूरची स्वारी, मग मोगलांशी सतत झुंज, आणि डिसेंबर १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत मृत्यू. त्यांची मुलगी ताराबाई पुढे मराठी राज्याची कर्ती राणी झाली.

१६८९ च्या आरंभी संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले; त्या झटापटीत नवे सेनापती म्हाळोजी घोरपडे ठार झाले. रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, खजिना रिता झाला. येथून पुढे सेनापतिपदाचा इतिहास वेगळ्या वळणावर जातो, आणि त्याला कारण माणसे नाहीत, पैसा आहे. राजाकडे घोडा घ्यायला आणि पगार द्यायला रोकड नव्हती. मोगल पक्ष सोडून येणाऱ्या सरदाराला देण्यासाठी शब्द होता आणि जमीन होती, आणि तीही बहुधा शत्रूच्या ताब्यातली. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेली सनद प्रसिद्ध आहे: रायगड, विजापूर, भागानगर (हैदराबाद), औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली, असे एकेक ठिकाण जिंकले की सरंजामाचा, म्हणजे फौज राखण्यासाठीच्या नेमणुकीचा, एकेक हप्ता द्यायचा. या सनदेतली जिद्द पाहिली की आजही अंगावर काटा येतो. ज्या राज्याला स्वतःची राजधानी उरली नव्हती ते दिल्लीवर वराता (पैसे देण्याचे हुकूम) लिहून देत होते. पण त्याच कागदाने पागेच्या जागी सरदाराची स्वतःची फौज उभी केली. घोडा आता राजाचा राहिला नाही, आणि सामानाचा झाडा घ्यायला कोणी उरले नाही.

या काळातले सर्वांत मोठे सेनापती म्हणजे म्हाळोजींचे पुत्र संताजी घोरपडे. खाफीखानासारख्या मोगल इतिहासकाराने लिहिले आहे की त्यांच्याशी जो लढला तो मारला तरी गेला, जखमी तरी झाला, नाहीतर कैद तरी झाला. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला मोगल सरदार कासिमखानाची छावणी त्यांनी कोंडून उपासमारीने शरण आणली आणि दोनच महिन्यांत बसवपट्टणजवळ दुसरा मोगल सरदार हिंमतखान याला ठार केले. इतक्या जलद हालचाली, इतके अचूक अंतर-काळाचे गणित आणि इतकी कडक शिस्त त्या काळात दुसऱ्या कोणाकडे दिसत नाही. शिस्तीच्या बाबतीत तोच खाफीखान सांगतो की क्षुल्लक चुकीसाठीही ते माणसाला हत्तीच्या पायी देत.

शिवाजी महाराजांच्या काळात अशा कडक सेनापतीच्या मागे राजाचा खजिना आणि राजाचा कायदा उभा असता. १६९६ मध्ये ज्यांना शिस्त लावायची ते सरदार आपापल्या सरंजामाचे धनी होते आणि त्यांना दुसरे मोठे सरदार धनाजी जाधव यांचा सौम्य स्वभाव अधिक मानवत होता. संताजी आणि राजाराम महाराज यांच्यात बिनसले; महाराज धनाजींच्या बाजूला झाले; राजाच्या उपस्थितीत मराठी फौजेच्या दोन भागांची लढाई झाली. तीत संताजी जिंकले, पण धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर मारले गेले. नंतर सेनापतिपद धनाजींकडे गेले, संताजींचे सैनिक हळूहळू त्यांना सोडून गेले, आणि १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात नागोजी माने यांनी त्यांना एकटे गाठून मारले. नागोजींची पत्नी ही अमृतरावांची बहीण होती. औरंगजेबाच्या फौजांना जे जमले नाही ते आपसातल्या वैराने केले, असे म्हणून हा विषय सहसा संपवला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. संताजींना फौजेचे बोलणे बोलायला कोणी राजा मोकळा नव्हता, आणि राजाला सेनापतीचे ऐकवायला हातात काही नव्हते. मध्ये असलेला पागेचा दुवा तुटला होता. कागल तालुक्यातले कापशी आजही सेनापती कापशी म्हणून ओळखले जाते. घोरपडे घराण्याने कोल्हापूर राज्यात हा किताब पुढे चालवला. तेथेही पद गावाच्या नावाला जाऊन चिकटले.

धनाजी जाधवांच्या बाबतीत पदाचे वजन आणखी वाढले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठच्या खेडला त्यांची व ताराबाईंच्या फौजेची गाठ पडली. ताराबाईंचे सेनापती धनाजी शाहूंना मिळाले आणि गादीचा निकाल लागला. हंबीररावांनी १६८० मध्ये जे केले त्याच्याशी हे वरवर मिळतेजुळते वाटेल. फरक असा की हंबीरराव राजाची फौज राजाच्या वारसाकडे घेऊन गेले, आणि धनाजींच्या वेळी सेनापती जिकडे जाईल तिकडे राज्य जाईल अशी स्थिती आली होती. राजा सेनापती नेमत होता हे खरे, पण राजा कोण हे ठरवायलाही आता सेनापती लागत होता. धनाजी १७०८ मध्ये वारले आणि पद मुलाकडे, चंद्रसेनाकडे गेले. धनाजींच्या पदरी वसुलाचे काम पाहिलेले बाळाजी विश्वनाथ यांच्याशी त्याचे हाडवैर जमले; १७११ मध्ये त्याने बाळाजींचा जीव घेण्याइतका पाठलाग केला आणि शेवटी तो आधी ताराबाईंकडे व मग निजामाकडे गेला. सेनापती फौजेसह निघून गेल्यावर शाहूंच्या हातात काय उरले असेल याची कल्पना करावी. त्यांनी बाळाजींना 'सेनाकर्ते' असा किताब देऊन नवी फौज उभी करायला सांगितले आणि १७१३ मध्ये त्यांना पेशवाई दिली. पेशव्याच्या हातात तलवार का आली, याचे उत्तर मला चंद्रसेनाच्या त्या जाण्यात सापडते. मधल्या काळात एकदोघांकडे फिरून जानेवारी १७१७ मध्ये सेनापतिपद तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांकडे आले.

येथे आजोबांच्या उत्तराचा अर्थ लागतो. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाईच्या, म्हणजे मोगल मुलखाच्या वसुलातल्या चौथ्या हिश्श्याच्या, सनदा आणल्यावर वसुलाची जी वाटणी ठरली, तीत चौथाईचा चौथा हिस्सा राजबाबती म्हणून राजाकडे, १०० पैकी ६ सहोत्रा म्हणून पंतसचिवाकडे, ३ नाडगौडा म्हणून राजाच्या इच्छेवर, आणि उरलेले ६६ मोकासा म्हणून सरदारांकडे फौजेच्या खर्चासाठी राहिले. फौज पोसायचा पैसा सरदाराने आपल्या वाट्याच्या मुलखातून स्वतः वसूल करायचा. दाभाड्यांच्या वाट्याला बागलाण आणि गुजरात आले. सेनापतीची फौज गुजरातेत, घर तळेगावात, आणि राजा साताऱ्यात. कानुजाबत्यातले 'हिशेब रुजू करावा' हे शब्द कागदावर राहिले. असे झाले यात दाभाड्यांचा काही खास दोष नव्हता. नागपूरचे भोसले सेनासाहेबसुभा झाले, पेशवाई स्वतः वंशपरंपरेची झाली, सगळ्यांची रीत एकच होती.

खंडेराव १७२९ मध्ये वारले आणि त्यांचे पुत्र त्र्यंबकराव सेनापती झाले. बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांनी गुजरातच्या मोगल सुभेदाराशी चौथाईचा करार केला तेव्हा आपल्या मुलखात पेशव्याने हात घातला, असे त्र्यंबकरावांना वाटले, आणि ते वाटणे चुकीचे नव्हते. पण त्यासाठी त्यांनी निजामाशी संधान बांधले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ भिलापूर येथे राज्याचा पेशवा आणि राज्याचा सेनापती समोरासमोर आले. त्र्यंबकराव गोळी लागून ठार झाले. दोघेही शाहूंचे प्रधान, दोघांच्याही फौजा शाहूंच्या नावाने उभारलेल्या. शाहू महाराजांनी दुःखाने आणि शहाणपणाने समेट घडवला: सेनापतिपद त्र्यंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना दिले. नेताजींना एका प्रश्नात दूर करणारे राज्य आता पेशव्याशी लढून पडलेल्या सेनापतीच्या घराबाहेर ते पद नेऊ शकत नव्हते.

यशवंतराव लहान असल्याने कारभार त्यांच्या आई उमाबाई यांनी पाहिला, आणि तळेगावात मोठ्या झालेल्या माणसाला त्यांच्याविषयी लिहिताना अभिमान वाटतो. १७३२ मध्ये डाकोरला दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा दग्याने खून झाल्यावर त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर गेल्या. शाहू महाराजांनी त्यांना सोन्याचे तोडे देऊन गौरवले, असे सांगतात. पती, पुत्र आणि पिलाजींसारखा मातबर सरदार गेल्यावरही या बाईंनी वीस वर्षे गुजरातवरचा आपला हक्क सोडला नाही. शाहूंच्या निधनानंतर ताराबाईंच्या बाजूने उभे राहून त्यांनी १७५१ मध्ये पिलाजींचे पुत्र दमाजी गायकवाड यांना पेशव्यावर पाठवले. दमाजी साताऱ्यापर्यंत येऊन पोचले, पण नानासाहेब पेशव्यांच्या हाती सापडले आणि कैदेत गेले. उमाबाई १७५३ मध्ये वारल्या.

कैदेतून सुटताना दमाजींनी जे मान्य केले त्यात गुजरातचा निम्मा मुलूख, गरजेच्या वेळी पेशव्याच्या मदतीसाठी १०,००० स्वार, आणि दरसाल ५ लाख २५ हजार रुपये होते. ही रक्कम दमाजींनी सेनापतीचा मुतालिक (प्रतिनिधी) या नात्याने द्यायची होती आणि ती जमा व्हायची होती पुण्यात. सेनापतीच्या नावाने घेतलेला पैसा तळेगावावरून पुढे जात होता. गायकवाडांनी 'सेनाखासखेल समशेर बहाद्दर' हा किताब बडोद्याचे संस्थान विलीन होईपर्यंत लावला. दाभाड्यांकडे सेनापती हे नाव आणि तळेगावची वाडी-शेती राहिली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची जी फौज उभी राहिली तिच्यात दमाजी गायकवाड आपल्या स्वारांसह होते. त्या फौजेचे मुख्य पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ होते. सेनापतीची वस्त्रे घेतलेला कोणी तिच्या अग्रभागी नव्हता.